सात डेसिबल

लाईट गेली की आमच्या गल्लीत शिट्टी वाजायची.

इचलकरंजीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला आणि गावाला जो आवाज लागला तो लागलाच. माझ्या लहानपणी घराला लागूनच आमची आठ मागांची शेड होती. मधे एकच भिंत, तीही साडेचार इंची. धोटा इकडून तिकडं आपटायचा, खडाक-खट, खडाक-खट, आणि त्या ठेक्यावर आम्ही पाढे म्हणायचो, जेवायचो, झोपायचो. शेडमधली माणसं तोंडानं बोलायचीच नाहीत, सगळं ओठांवर आणि हातवाऱ्यांवर. मधेच लाईट जायची. आमचे आठ, शेजारचे चोवीस, पलीकडचे आणखी कितीतरी माग एका दमात थांबायचे आणि त्या पोकळीत माझ्या दोन्ही कानांत एक बारीक सूर उमटायचा.

"आई, शिट्टी ऐकू येतीय."

"कान वाजतायत तुझे. गप झोप."

मराठीत कान वाजणं म्हणजे भास होणं. कुणी हाक मारलेली नसते आणि आपण 'ओ' देतो. म्हणजे आपल्या भाषेनं या दुखण्याचा निकाल आधीच लावून टाकलाय, जे ऐकू येतंय ते मुळात नाहीच. लाईट यायची, माग सुरू व्हायचे, शिट्टी त्यात बुडून जायची. मला वाटायचं, ही शिट्टी प्रत्येकालाच ऐकू येत असणार, अंधारात दिवा शोधण्यासारखी ती एक साधी गोष्ट असणार.

पुढं मी सांगलीत एका हायस्कूलात एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. नववीला 'ध्वनीचा अभ्यास' हे प्रकरण आलं की फळ्यावर २० ते २०,००० हर्ट्झ लिहायचं, कानाची आकृती काढायची, गोगलगायीच्या शंखासारखी कॉक्लिया रंगीत खडूनं गिरवायची. तिच्यात केसासारखी टोकं असलेल्या नाजूक पेशी असतात, एका कानात साधारण १५,०००, आणि त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत, हे मी दरवर्षी सांगायचे. माझ्या स्वतःच्या किती उरल्यात हा प्रश्न एकतीस वर्षांत एकदाही मनात आला नाही.

सहा वर्षांपूर्वी शिट्टी परत आली. या वेळी लाईट आल्यावर गेली नाही.

लोक रातकिडे म्हणतात, कुकर म्हणतात. माझा आवाज जुन्या डब्बा टीव्हीचा आहे. कार्यक्रम संपला, पडदा काळा झाला, पण बटण बंद करायचं राहिलं, की खोलीत एक धारदार रेघ तरंगत राहायची, तसा. (ती रेघ १५,६२५ हर्ट्झची असायची. आता ती लावली तरी मला ऐकू येणार नाही.) तरी पहिली पाच वर्षं आमचं बरं चाललं होतं. दिवसभर वर्गात कोण ऐकतंय शिट्टी! रात्री पंखा लावला की झोप लागायची. थंडीतही पंखा, एवढीच घरच्यांची तक्रार.

बिघडलं ते गेल्या मे महिन्यात, पुतण्याच्या वरातीत. आमच्याकडं ट्रॅक्टरवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. त्या नावाच्या कंपनीचा यात काही दोष नाही, शब्द आम्ही उचललाय. मी नवरदेवाची काकू, म्हणजे पुढं उभं राहणं आलंच. तासभर ती भिंत माझ्या डाव्या हाताला होती. घरी आले तेव्हा कानांना दडे बसलेले. उजवा दुसऱ्या दिवशी सुटला, डावा तिसऱ्या दिवशी. पण डाव्या कानातली रेघ पूर्वीच्या जागी परत गेलीच नाही. ती वर चढून बसली. पंख्याच्या आवाजातूनही ऐकू यायला लागली, मग मिक्सरच्या आवाजातूनही. रात्री दोनला जाग आली की मी फ्रिज बंद करून बघायचे, इन्व्हर्टर बंद करून बघायचे. यांना वाटलं मला विजेच्या बिलाची काळजी लागलीय.

आणि मी सहा आठवडे थांबले. विज्ञानाची बाई असून थांबले. लागलेल्या कानाला आराम पडेल, असं स्वतःला सांगत राहिले. दुसऱ्या कुणी हेच केलं असतं तर मी त्याचे कान उपटले असते.

आधी गेले आमच्या नेहमीच्या कान-नाक-घसावाल्यांकडं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, तिथं डॉक्टरांची वाण नाही. त्यांनी दोन्ही कानांत दुर्बीण घालून बघितलं, मळ नाही, पडदा ठीक. "वय झालं की होतं हे. सवय होईल." तीन महिन्यांच्या गोळ्या, त्यात गिंको नावाच्या झाडाचा अर्क, जस्त आणि कसलीतरी जीवनसत्त्वं. एकूण चार मिनिटं. मागाहून वाचलं की अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत गिंको, जस्त, मेलाटोनिन यांची शिफारस करू नये असंच स्पष्ट लिहिलंय. पण मला राग गोळ्यांचा आला नाही. 'सवय होईल' हेही खोटं नव्हतं, पुढं कळलं की उपचारांचा अर्धा भाग म्हणजे सवय होणंच. राग आला तो या गोष्टीचा, की शिट्टी एका कानात जास्त आहे का, हे त्यांनी विचारलंच नाही.

मग घरोघरचे उपाय. लसूण घातलेलं तेल, बदामाचं तेल, कुणाच्या तरी वहिनींना गुण आलेलं कुठलं तरी तेल. पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन भलतंच व्हायचं, एवढं मला माहीत होतं, म्हणून कानाला हात लावू दिला नाही. आमच्या शेजारच्या वैद्यबाईंनी मात्र तेलाऐवजी माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातला श्लोक दाखवला. कर्णनाद, म्हणजे हेच कान वाजणं, झालेल्याला भेरी, मृदंग, शंख असे नाना आवाज ऐकू येतात, असं त्यात म्हटलंय. सुश्रुतानंही कानाचे २८ रोग मोजलेत आणि त्यांत कर्णनादाला स्वतंत्र जागा दिलीय. मला इतकं बरं वाटलं! औषध मिळालं म्हणून नव्हे. हजाराहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी रोग्याजवळ बसून 'नक्की कसला आवाज येतो, शंखासारखा की नगाऱ्यासारखा?' असं विचारलं होतं, म्हणून.

मुलगा पुण्यात. तो म्हणाला, "आई, तू स्पेशालिस्टकडं जा. फक्त कर्णनादाचं क्लिनिक आहे इथं." मोबाईलवर त्यानं दाखवलेल्या पानावर हसरे चेहरे होते आणि '९० टक्के रुग्णांना आराम' असं मोठ्या अक्षरांत. कशाच्या ९० टक्के, किती दिवसांनी, आराम कुणी मोजला, हे कुठं नव्हतं. तरी गेले. माणूस रात्री दोनला जागा असला की त्याची चिकित्सक बुद्धी झोपलेली असते.

तिथं डॉक्टरांच्या आधी एक 'काउन्सेलर' भेटली. छान साडी, छान बोलणं. तपासणी झाली ती रस्त्याकडच्या खोलीत, वर एसी घुरघुरत होता आणि खाली रिक्षा. हेडफोनमधला बारीक सूर ऐकू आला की हात वर करायचा. मी दोनदा हॉर्नला हात वर केला. त्या कागदाच्या भरवशावर लेसरची पंधरा सत्रं, सोबत सलाईनमधून काहीतरी, एकूण ४५,००० रुपये.

"मॅडम, आज बुक केलं तर दहा टक्के कमी होतील."

"आणि नाही थांबला आवाज तर?"

"पॉझिटिव्ह राहायचं मॅडम. निगेटिव्ह विचारांनीच वाढतो हा त्रास."

म्हणजे थांबला तर लेसरनं, नाही थांबला तर माझ्या विचारानं. चितही त्यांची, पटही त्यांची. मी पर्स उचलली. खाली गाडीत बसल्यावर मुलगा चिडला, "तू प्रत्येक ठिकाणी पेपर तपासायला जातेस का?" त्याचंही बरोबर होतं. त्याला आईचा आवाज थांबलेला हवा होता आणि तिथं कुणीतरी तो थांबवतो म्हणत होतं. खरं सांगू, रात्री घाटात मलाही वाटून गेलं की भरून टाकावेत पैसे. ४५,००० रुपयांना निदान तीन महिने आशा तरी मिळाली असती.

श्रवणयंत्राच्या दुकानांचं एका वाक्यात सांगते. 'मोफत तपासणी' अशी पाटी होती आणि माझी तपासणी संपायच्या आत यंत्राचा रंग निवडायची वेळ आली. इथं एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. ज्याला ऐकू कमी येतं आणि शिट्टीही आहे अशा माणसाला श्रवणयंत्राचा खरोखर उपयोग होऊ शकतो. त्या दुकानातला माणूस वस्तू चुकीची विकत नव्हता. त्यानं मोजलं नव्हतं, एवढंच.

मग मी शांतपणे वहीत लिहायला बसले. आपल्याकडं ऑडिओलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि तो नंबर विचारला तर कुणाला राग यायचं कारण नाही. ऐकण्याची चाचणी आवाजबंद खोलीत व्हायला हवी. कान बघणारा डॉक्टर आणि ऐकणं मोजणारा ऑडिओलॉजिस्ट ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं असायला हवं. सून म्हणाली, वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या दोषांसाठीची अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, १९८३ पासूनची. शाळेतल्या एका जुन्या सहकाऱ्यांनी मैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था सुचवली, ती त्याहून जुनी, १९६५ ची. दोन्ही ठिकाणं जाण्याजोगी. पण तोवर एवढं कळलं होतं की या दुखण्यात एकदा जाऊन काम भागत नाही. महिनोन्‌महिने, पुन्हा पुन्हा जावं लागतं, यंत्र कमी-जास्त करून घ्यावं लागतं. सांगलीहून वांद्र्याला दर पंधरा दिवसांनी कोण जाणार? माझ्या वयात अंतर हाही औषधाचाच एक भाग असतो.

म्हणून कोल्हापूर. एसटीनं दीड तास. खाली कान-नाक-घसा तज्ज्ञ, वर एक ऑडिओलॉजिस्ट. फोनवर मी आधीच विचारलं, "आवाज जाईल का?" पलीकडून ती म्हणाली, "काकू, ते मी फोनवर सांगू शकत नाही. आल्यावरही कदाचित सांगू शकणार नाही. पण दोन तास काढून या." मी लगेच वेळ घेतली.

ती मुलगी तिशीची असेल. पहिला पाऊण तास तिनं यंत्राला हात लावला नाही, नुसती विचारत होती. कुठल्या कानात जास्त? नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडतं का? (तसं असेल तर गोष्ट रक्तवाहिन्यांकडं जाते आणि तपासण्या वेगळ्या.) चक्कर येते का? जबडा आवळला, मान वळवली तर आवाज बदलतो का? टीबीची इंजेक्शनं कधी घेतली होती का? अॅस्पिरिन किती? रात्री किती वेळा उठता? घरात कुणाला ऐकू कमी यायचं? मी आबांचं सांगितलं. साठीत आले तेव्हा आबांशी बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीशी बोलायचं. माग म्हटल्यावर तिनं पेन खाली ठेवलं. "किती वर्षं राहिलात शेडशेजारी?" एकवीस. लग्न होईपर्यंत.

मग जाड दाराची खोली. दार लागलं आणि बाहेरचं जग गेलं. त्या शांततेत माझी रेघ अशी काही उजळली की मला आमची गल्लीच आठवली, लाईट गेलेली. २५० हर्ट्झपासून ८,००० पर्यंत सूर येत गेले. आलेखावर उजवा कान ४,००० ला खाली घसरलेला, डावा त्याच जागी आणखी खोल. गोंगाटानं कान गेला की खड्डा बहुधा याच आसपास पडतो. तो आलेख मी पुस्तकात पाहिला होता. स्वतःचा बघणं वेगळं.

नंतर तिनं माझ्या शिट्टीची मापं घेतली. एकेक सूर लावायची, "हा? की याहून बारीक?" चष्म्याचा नंबर काढतात तसं. ६,००० हर्ट्झवर मी म्हटलं, "हाच." आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज माझ्या डोक्याबाहेर, हेडफोनमध्ये, दुसऱ्या कुणालातरी ऐकू येईल असा वाजत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला ते बहुधा नेहमीचं असावं, तिनं टिश्यूचा डबा पुढं सरकवला आणि काम चालू ठेवलं. मग तोच सूर तिनं कमी-जास्त केला, माझ्या शिट्टीच्या बरोबरीला येईपर्यंत.

"सात," ती म्हणाली.

"काय सात?"

"या सुराला तुम्हाला जिथून ऐकू यायला लागतं, त्याच्या वर सात डेसिबल. तेवढा तुमचा आवाज आहे."

मी तिला पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा सात. एकतीस वर्षं डेसिबल शिकवलेली बाई मी. जो आवाज मिक्सरला पुरून उरतो, मला रात्री दोनला उठवून फ्रिजपाशी नेतो, तो सात? थोडा अपमानच वाटला. ती म्हणाली, बहुतेकांचा दहाच्या आतच निघतो. आवाज किती मोठा आणि त्रास किती मोठा, याचा फारसा मेळ बसत नाही. म्हणून त्रास वेगळा मोजायचा. पंचवीस प्रश्नांचा कागद, 'हो' ला चार, 'कधी कधी' ला दोन, 'नाही' ला शून्य. लक्ष लागतं का, चिडचिड होते का, यातून सुटकाच नाही असं वाटतं का. माझे शंभरापैकी ५८ आले. या परीक्षेत जास्त गुण म्हणजे वाईट. मी 'तीव्र' या गटात पहिल्याच पायरीवर बसले होते.

"आता कान काय करतोय सांगते," ती म्हणाली. "रेडिओ नीट लागत नसला की आपण आवाज वाढवतो ना?"

पुढचं तिला सांगावंच लागलं नाही. सांगली आकाशवाणी नीट लागली नाही की आबा बटण पिळायचे. बातम्या होत्या तेवढ्याच राहायच्या, खरखर वाढायची. कानाकडून बारीक सूर येईनासे झाले, म्हणून मेंदूनं बटण पिळलं आणि आतली खरखर वर आली. इतकं सोपं उदाहरण मला एकतीस वर्षांत सुचू नये, याचं मात्र वाईट वाटलं.

खालच्या डॉक्टरांनी आलेख बघितला आणि एमआरआय लिहून दिला. दोन कानांत एवढा फरक आणि शिट्टीही एका बाजूला जास्त, म्हणजे ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना, हे बघायलाच हवं. साधीच गाठ असते बहुधा, हळू वाढणारी, पण नाही हे कळायला पाहिजे. (त्या मशीनच्या खडखडाटात कानात बोळे घालून अर्धा तास पडून राहिले. आठ माग होते म्हणायला हरकत नाही.) गाठ नव्हती. वरातीचं ऐकून ते जरा रागावले. ऐकू येणं एकाएकी कमी झालं तर ते कानाचं आणीबाणीचं दुखणं, त्याच दिवशी यायचं, औषध जितकं लवकर सुरू होईल तितका उपयोग, सहा आठवड्यांनी येऊन काय? मी मान खाली घातली. विद्यार्थी असाच घालतो.

आता वर्ष होत आलं. दोन्ही कानांत यंत्रं आहेत. किंमत सांगत नाही, पुण्याच्या लेसरपेक्षा जास्तच पडली. पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा पातेल्यात फोडणी तडतडताना ऐकली आणि दचकले. किती वर्षं मी मुकी फोडणी घालत होते कोण जाणे. मानसोपचाराचं तिनं सुचवलं तेव्हा मात्र मी फणकारले, "म्हणजे कान वाजतायत असंच ना शेवटी?" ती शांतपणे म्हणाली, विचारांवर आणि सवयींवर काम करणारी ही पद्धत यात सगळ्यात जास्त तपासून बघितलेली आहे, शिट्टीचा मोठेपणा ती कमी करत नाही, तिच्यामागं धावणं कमी करते. आठ सत्रं केली, ऑनलाईन. तिसऱ्या सत्रात कळलं की मी दिवसातून साठेक वेळा तपासत असते, 'आहे का अजून?' फ्रिज बंद करणं त्यातलंच.

रात्रीसाठी पंखा गेला, तंबोरा आला. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला खरा नव्हे. त्याची जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजणारा झंकार, लावायला आणि तारा छेडायला रात्रभर कोण बसणार? मोबाईलमधला. मी आधी तो इतका मोठा लावायचे की शिट्टी बुडावी. ऑडिओलॉजिस्टनं सांगितलं, बुडवू नका, शिट्टीच्या जरा खाली ठेवा, दोन्ही एकमेकांत मिसळू देत. बुडवलेली गोष्ट वर आली की पुन्हा नवी वाटते. हे मला पटायला महिना लागला. आता काही रात्री असं होतं की तंबोऱ्यात माझी रेघ कुठली आणि जवारीची कुठली, हे शोधता शोधता झोप लागते. काही रात्री नाही होत. दिवाळीच्या आठवड्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न झाले होते, तेव्हा मी तिला फोन करून रडलेही. गेल्या महिन्यात पंचवीस प्रश्न पुन्हा सोडवले, ४० आले. शिट्टी मोजायला लावली. सात.

परवा कोल्हापूरला गेले तेव्हा वर जाण्याच्या जिन्याशी एक बाई बसल्या होत्या, गडहिंग्लजकडच्या. हातात पिशवी, पिशवीत आतापर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्या. माझ्या कानातली यंत्रं बघून त्यांनी विचारलं, "कान वाजतोय म्हणून आलाय काय वो? हितं बरं हुतंय का?"

मी त्यांच्याशेजारी बसले.

"एका कानात वाजतंय का दोन्ही?" मी म्हटलं.